परसातला शिक्रा : भाटले, पणजी येथील प्रकल्प नोंदी

9 फेब्रुवारी

आज सकाळी पावणेआठच्या सुमारास आमच्या परसातल्या दाण्यांच्या फळीवरून एक बुलबुल उचलला गेला. शेजारच्या माई त्या वेळी विहिरीवर पाणी शेंदत होत्या. पक्षी कोठून आला हे त्यांना दिसले नाही. करड्या पाठीचे, कावळ्याहून लहान असे काहीतरी फणसाखालून सरळ रेषेत आले आणि गेले, एवढेच त्या सांगू शकल्या. फळीवर तीन पिसे राहिली होती. ‘त्या घारीला हाकलून लाव, नाहीतर ही फळी तरी काढून टाक,’ असे त्या मला म्हणाल्या. त्यांचा कळवळा खरा आहे, कारण बुलबुलांच्या त्या जोडीला त्या दोन वर्षे पपईच्या फोडी घालत आल्या आहेत.

हाकलण्याआधी तो काय करतो हे पाहावे, असे मी ठरवले. आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याच्या आमच्या चार घरांची परसे एकमेकांना लागून आहेत आणि मध्ये फक्त चिऱ्याच्या बुटक्या भिंती आहेत, त्यामुळे एका जागी बसून बरेच दिसते. प्रश्न तीन आहेत : हा पक्षी आमच्या परसांत नेमके काय मारतो, किती वेळा त्याचा नेम चुकतो, आणि त्याच्या यशात आम्ही मांडून ठेवलेल्या वस्तूंचा वाटा किती. नियम एकच ठेवला आहे : फसलेली झेपही लिहायची. बुलबुल मेला की एक माणूस पाहतो आणि दहा जणांना सांगतो. भिंतीवरचा सरडा नाहीसा झाला तर त्याची वार्ता कोणी कोणाला सांगत नाही. केवळ आठवणीवर हिशेब मांडला तर तो यामुळेच चुकतो.

12 फेब्रुवारी

ओळख पक्की झाली. भाच्याने काढलेल्या छायाचित्रात डोळा लाल, पाठ राखी, छातीपोटावर तांबूस रंगाच्या बारीक आडव्या रेघा आणि पाय पिवळे आहेत. हा शिक्रा आहे आणि डोळ्याच्या लाल रंगावरून तो प्रौढ नर ठरतो. मादीचा डोळा पिवळट नारिंगी असतो आणि ती नराहून थोडी मोठी असते. बेसरा नावाचा त्याचा भाऊबंद गोव्यात आहे, पण तो मोलेसारख्या जंगलात राहणारा, आणि त्याच्या गळ्यावर मधोमध ठळक काळी रेघ असते. ती येथे नाही.

तिसरी शक्यता पावशाची होती आणि तिच्यावर थोडे लिहून ठेवणे आवश्यक आहे. पावशा हा कोकिळेच्या कुळातला निरुपद्रवी पक्षी असून त्याचा रंग, शेपटीचे पट्टे आणि चार फटके मारून तरंगत जाण्याची ढब ही सगळी शिक्र्याची आहे. लहान पक्षी फसतात व त्याला पाहून ओरडतात, तर माणसे फसणारच. चोचीकडे पाहावे : शिक्र्याची चोच आखूड व आकड्यासारखी वळलेली, पावशाची सरळ. सध्या पावशा गप्प आहे, म्हणून तो आसपास असूनही लक्षात येत नाही.

शिक्रा हा शब्द शिकारीच्याच कुळातला आहे. बाज पाळण्याच्या जुन्या परंपरेत मादीला शिक्रा आणि नराला त्याच्या आवाजावरून चिपका म्हणत. हा पक्षी लवकर माणसाळतो म्हणून बाजदार त्याला वापरीत, आणि अधिक मोलाच्या ससाण्यांना लागणारे भक्ष्य मिळवण्यासाठीही त्याला सोडीत. तितर आणि कावळे पकडण्याइतकी छाती या एवढ्याशा पक्ष्याला आहे.

येथे माझ्या जुन्या समजुतीतही एक दुरुस्ती करते. शिक्रा आणि ससाणा एकाच घरातले, असे मी वर्गात पुष्कळ वर्षे शिकवले. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जनुकीय अभ्यासाने ससाण्यांचे नाते पोपटांशी व गाणाऱ्या पक्ष्यांशी अधिक जवळचे असल्याचे दाखवले. चाकोरीबाहेर वाटणारी ही गोष्ट त्यांच्या मारण्याच्या रीतीत मात्र दिसते : ससाणा पकडलेल्या पक्ष्याची मान चोचीवरच्या दातेरी खाचेने मोडतो, शिक्रा आपल्या नखांच्या पकडीने भक्ष्य आवळत राहतो.

15 फेब्रुवारी

सकाळी सहा ते साडेआठ बसले. दर्शन नाही.

18 फेब्रुवारी

आज पहिली पूर्ण शिकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसली, म्हणून ती सविस्तर लिहिते. साडेनऊला ऊन शेजारच्या भाऊंच्या परसातल्या चिऱ्याच्या भिंतीवर आले. जांभा दगड लवकर तापतो आणि रात्रभर गारठलेले सरडे या वेळी त्याच्यावर पसरतात. शिक्रा तेथून वीसएक पावलांवर, फणसाच्या आतल्या फांदीवर, खोडाला जवळजवळ टेकून बसला होता. मी त्याच फणसाकडे अर्धा तास पाहत होते आणि तो हलला तेव्हाच मला दिसला. तो वरून झेपावला नाही. आधी खाली उतरला, जमिनीपासून हातभर उंचीवरून केळींच्या आडोशाने भिंतीच्या पलीकडच्या बाजूने गेला, आणि सरडा होता नेमक्या त्याच ठिकाणी भिंतीवरून वर उसळला. म्हणजे बसल्या जागेवरून त्याने सरड्याची जागा हेरली होती आणि मधला सगळा वेळ सरडा त्याच्या नजरेआड होता.

आखूड, गोलसर पंख आणि लांब शेपूट यांचा उपयोग अशा वेळी कळतो. उघड्या आकाशात घारीपुढे तो काहीच नाही. पण माडाचे खोड, कपडे वाळत घालण्याची दोरी आणि केळीची पाने यांच्यामधून वळणे घेत जाणे घारीला जमणार नाही. आपली परसे त्याला मोकळ्या रानापेक्षा सोयीची का, याचे एक उत्तर येथे आहे. आडोसा आहे, भक्ष्य ठराविक जागी ठराविक वेळी येते, आणि अंतरे आखूड आहेत.

सरडा त्याने फणसावर नेऊन डोक्याकडून खाल्ला. माईंना दाखवले. त्या काही वेळ पाहत राहिल्या आणि आत गेल्या.

23 फेब्रुवारी

दोन नोंदी रद्द कराव्या लागल्या. 20 आणि 21 तारखेला मी केवळ आवाजावरून शिक्रा हजर असल्याचे लिहिले होते. आज तोच दुपदरी, दुसरा स्वर लांबवलेला आवाज ऐकून मान वर केली, तर माडाच्या झावळीवर भृंगराज बसलेला होता. शेपटीच्या दोन लांब तारा स्पष्ट दिसत होत्या. भृंगराज इतरांच्या आवाजांची नक्कल करतो आणि शिक्र्याची तर फार हुबेहूब करतो. यापुढे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज हजेरी लिहायची नाही.

मात्र कानांचा उपयोग दुसऱ्या रीतीने होतो. शिक्रा उडत असेल तेव्हा दयाळ आणि बुलबुल एक बारीक, उंच, लांबट शीळ घालतात आणि पानांत शिरून निश्चल होतात. ती शीळ कोठून आली हे मलाही ओळखता येत नाही. तोच शिक्रा फांदीवर बसलेला सापडला की आवाज पालटतो, खरखरीत आणि तुटक होतो, आणि सातभाई, खारी, कोतवाल सगळे त्या जागेकडे धावतात. पक्ष्यांच्या आवाजांचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी 1955 साली इंग्लंडमधल्या पक्ष्यांवरून हा भेद मांडला : पहिल्या आवाजाची सुरुवात व शेवट अस्पष्ट आणि पट्टी अरुंद असल्याने ओरडणाऱ्याचा ठाव लागत नाही, दुसरा मुद्दाम ठाव लागावा असाच असतो. ते वाचलेले होते. पण आपल्या शेवग्यावर दोन मिनिटांत दोन्ही आवाज एकामागून एक ऐकले तेव्हा ते खरे उमगले. आता खरखर ऐकू आली की मी त्या दिशेला पाहते, आणि दहापैकी बहुतेक वेळा काही ना काही सापडते : शिक्रा, मांजर, एकदा धामण.

2 मार्च

आजची नोंद लिहिणे जड जाते. शिक्रा फळीकडे झेपावला आणि त्याच्या हाती काही लागले नाही. पण फळीवरून उधळलेला एक होला आमच्या मागच्या पडवीच्या मोठ्या काचेवर आदळून मेला. काचेवर त्याच्या पसरलेल्या पंखांचा पांढरा ठसा उमटला आहे. होले आणि कबुतरे यांच्या पिसांवर भुकटी असते, तिचा तो ठसा. शिक्रा तेव्हा परतही आला नाही. ही हत्या शिक्र्याच्या नावावर मांडता येणार नाही. ती काच गेल्या वर्षी मी बसवून घेतली आणि फळी तिच्यापासून पाच मीटरवर मीच टांगली.

दिवसभर मांडणीचा विचार केला. पक्ष्याला काचेत झाडांचे व आकाशाचे प्रतिबिंब दिसते आणि तो त्यात शिरू पाहतो. पाच मीटरचे अंतर सर्वांत वाईट, कारण तेवढ्यात तो पूर्ण वेग घेतो. फळी काचेपासून मीटरभराच्या आत असेल तर आदळूनही जबर मार बसत नाही. आमच्याकडे मात्र फळी काचेपासून पूर्ण दूर, तगरीच्या दाट झुडपाशेजारी नेणे शक्य होते, तसे केले. काचेच्या बाहेरच्या बाजूने भाच्याने चुन्याच्या पातळ रेघा चार चार बोटांवर ओढल्या. तुकतुकीत दिसत नाही, पण चालेल.

झुडूप किती जवळ असावे यावर माईंशी बराच वेळ बोलणे झाले. त्यांचे म्हणणे असे की झुडपात मांजर दबा धरते, आणि ते बरोबर आहे. शेवटी फळी झुडपापासून दोन मीटरवर आणि कमरेच्या वर उंचीवर ठेवली, म्हणजे बुलबुलाला एका झेपेत आडोसा मिळेल आणि मांजराला एका उडीत फळी मिळणार नाही. दाणे एकाच जागी ढीगभर टाकण्याऐवजी थोडे थोडे, वेळ बदलून टाकायचे ठरले. रोज सकाळी पावणेआठला वीस होले एका फळीवर जमवणे म्हणजे शिक्र्याला वेळापत्रक लिहून देणे होते.

11 मार्च

संध्याकाळी सहा पन्नास. उजेड इतका कमी की छायाचित्र आले नाही. भाऊंच्या केळींच्या घडाभोवती फळे खाणारी छोटी वटवाघळे फिरू लागली होती. माडाच्या झावळ्यांखाली त्यांची वस्ती आहे. शिक्रा घरांच्या कौलांवरून आला आणि त्याने हवेतल्या हवेत एकावर पाय टाकले. चुकला. पुन्हा एकदा प्रयत्न केला, पुन्हा चुकला आणि निघून गेला. शिक्रा तिन्हीसांजेला वटवाघळे धरतो हे नोंदलेले आहे. आमच्या परसात ते घडेल असे मला वाटले नव्हते. बसण्याची वेळ आता संध्याकाळी सातपर्यंत वाढवली.

19 मार्च

घरटे सापडले. भाऊंच्या परसातल्या जुन्या आंब्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात, पाचेक पुरुष उंचीवर, कावळ्याचे असावे तसे विस्कळीत काटक्यांचे आहे. नर पायांत काटकी धरून नेताना दोनदा दिसला. एक तारेचा तुकडाही नेला. कावळ्यांप्रमाणे हेही तार वापरतात.

अडचण अशी की तोच आंबा पावसाआधी तोडून टाकायचा भाऊंचा बेत होता, कारण तो कौलांवर झुकला आहे. त्यांची भीती अनाठायी नाही. दोन वर्षांपूर्वी वादळात त्याची एक फांदी स्वयंपाकघरावर पडली होती. मी त्यांच्यापाशी बसून दोन गोष्टी मांडल्या. पहिली, गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, हे त्यांना ठाऊक होते. दुसरी त्यांना नवी होती : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी व घरटी यांना इजा करणेही येते. भाऊ काही वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘पिल्ले उडेपर्यंत थांबतो. पण मिरगाच्या आधी ती उडाली पाहिजेत.’ हिशेब करून सांगितले की अंडी या महिन्याअखेर घातली आणि अठरा ते एकवीस दिवस उबवली, तर एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पिल्ले बाहेर येतील व मे संपता संपता उडतील. तोवर झुकलेल्या फांदीला दोराचा ताण द्यायचा आणि वजन कमी करण्यासाठी घरट्यापासून दूरच्या टोकांबद्दल अधिकाऱ्याला विचारायचे, असे ठरले.

28 मार्च

शिक्र्याची नोंद नाही, पण विषयाला सोडून नाही. कोपऱ्यावरच्या घराच्या गटाराशी आज एक ठिपकेवाला पिंगळा जमिनीवर बसलेला सापडला. दिवसाढवळ्या, डोळे अर्धे मिटलेले, हात लावला तरी उडाला नाही. वन खात्याच्या माणसांनी तो नेला. संध्याकाळी तो गेल्याचे कळले. अंगावर जखम नव्हती. त्या घरात महिनाभर उंदरांसाठी ब्रोमाडिओलोन या विषाच्या वड्या ठेवल्या जात होत्या. पिंगळा त्यानेच मेला असे मी नोंदवत नाही, कारण तपासणी झालेली नाही.

विषाची रीत मात्र लिहिली पाहिजे. ते रक्त गोठू देत नाही, आणि उंदीर वडी खाल्ल्यावर लगेच मरत नाही. काही दिवस जगतो, मंदावतो, उजेडात उघड्यावर येतो. घुबडाला, घारीला, शिक्र्याला सर्वांत सोपे भक्ष्य तेच. विष उंदराच्या यकृतात टिकून राहते आणि खाणाऱ्याच्या यकृतात साठत जाते. चारही घरांत मी स्वतः जाऊन बोलले. आमच्याकडे आणि माईंकडे पिंजरा लावला आहे. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकींनी ऐकून घेतले; वड्या काढल्या की नाही हे पुढच्या आठवड्यात पाहीन.

2 एप्रिल

पावशा बोलू लागला, पहाटे पाचपासून चढत्या स्वरात. ‘पेरते व्हा’ असे आपण त्याच्या तोंडी घातले आहे; पेरणी अजून दोन महिने दूर आहे. साडेसातला सगळे परस त्याच्यावर तुटून पडले. चोच पाहिली, सरळ होती. हजेरीत लिहिले नाही.

6 एप्रिल

आतापर्यंत डोळ्यांनी पाहिलेल्या झेपा एकतीस. यश आठ वेळा : सरडे पाच, उंदराचे पिल्लू एक, खारीचे पिल्लू एक, आणि माईंचा तो बुलबुल. पक्ष्यांवर झेपा बारा झाल्या आणि अकरा फुकट गेल्या. फळी हलवल्यापासून तिच्यावरच्या पाहुण्यांकडे तो दोनदाच आला, आणि दोन्ही वेळा बुलबुल तगरीत शिरले. चार परसांतल्या एका जोडीच्या दोन महिन्यांच्या या नोंदी आहेत. यावरून साऱ्या शिक्र्यांबद्दल काही म्हणता येणार नाही. पण आमच्या परसाबद्दल म्हणता येते. माईंना वही वाचून दाखवली. त्यांनी खारीच्या पिल्लाची तारीख विचारली आणि मग स्वतःच सांगितले की त्याच दिवशी मांजराने दोन पिल्ले नेली होती. ती माझ्या वहीत नाहीत, कारण मी मांजराची वही ठेवलेली नाही. आजपासून तोही रकाना घातला.

24 एप्रिल

मादी घरट्याच्या काठावर उभी राहून तुकडे तोडून खाली देते आहे. पिल्ले आहेत. किती ते दिसत नाही. आंब्याखाली जाणे सगळ्यांनी बंद केले आहे. भाऊंनी कैऱ्या उतरवणेही थांबवले.

8 मे

पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवण करण्याचे दिवस. माईंच्या अंगणात मिरच्या, भिरंडांची (कोकमांची) सोले आणि सुकी सुंगटे (कोळंबी) एकाच वेळी उन्हात आहेत, आणि त्यांच्यावर घिरट्या आहेत. फेब्रुवारीत माई शिक्र्याला ‘घार’ म्हणाल्या होत्या, त्याचा उलगडा आज त्यांना प्रत्यक्ष दाखवता आला, कारण एकाच आकाशात तिघे होते. शेपटीला खाच असलेली तपकिरी, ती घार. पांढऱ्या डोक्याची, विटकरी अंगाची आणि गोल शेपटीची, ती ब्राह्मणी घार; मांडवीपलीकडे मालीमच्या जेटीवर मासळीच्या होड्या लागतात तेथे ती रोज दिसते. दोघींचा ओढा आयत्या अन्नाकडे अधिक : टाकलेली आतडी, मेलेले मासे, वाळत घातलेली सुंगटे. त्यांना अंगणातून रोखायला वर जुने जाळे ताणले की पुरे. तिसरा शिक्रा, जो सुंगटांच्या वरून सरळ गेला आणि त्याने खाली पाहिलेही नाही. त्याच्या पायांत सरडा होता.

21 मे

पहिले पिल्लू घरट्याबाहेर, शेजारच्या फांदीवर. पाठ तपकिरी, छातीवर आडव्या रेघांऐवजी उभे थेंबांसारखे ठिपके, गळ्यावर मधोमध रेघ. नोंद न ठेवणारा याला दुसऱ्याच जातीचे समजेल. संध्याकाळपर्यंत आणखी एक. तिसरे असावे असा संशय होता, पण घरटे रिकामे आहे.

3 जून

दोन्ही पिल्ले चारही परसांत फिरतात आणि सारखी ओरडतात. आज मोठ्याने भिंतीवरच्या सरड्यावर झेप घेतली ती उघड्यावरून, समोरून. सरडा फटीत गेला आणि पिल्लू भिंतीवर पंख पसरून काही वेळ तसेच राहिले. याच भिंतीवर फेब्रुवारीत बापाने केळीआडून जाऊन काय केले होते ते मी पुन्हा वाचले. आंब्याच्या अर्जावर अधिकाऱ्याची पाहणी झाली. पूर्ण तोडण्याऐवजी कौलांवरची फांदी तेवढी काढायला भाऊ तयार झाले आहेत.

10 जून

रात्रभर पाऊस. सकाळी उघडीप पडताच विहिरीजवळच्या ओल्या मातीतून पंखवाली वाळवी निघू लागली, हजारोंनी, धुरासारखी. कावळे, दयाळ, बुलबुल, कोतवाल सगळे जमिनीवर उतरले. मोठे शिक्रापिल्लू शेवग्यावर होते. मी वहीत वेळ लिहिली, सात पंचवीस, आणि माईंना हाक मारली. पिल्लू खाली आले, चिखलात उभे राहिले आणि मातीतून निघणारी वाळवी कोंबडीसारखे एकेक टिपू लागले. चार हातांवर बुलबुलांची जोडी तेच टिपत होती. दोनदा मान वळवून त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि थोडे सरकले, उडाले नाहीत. माई पडवीच्या खांबाला धरून उभ्या होत्या. ही जोडी तीच का, असे त्यांनी विचारले. खात्री देता येत नाही, असे मी सांगितले. त्यांनी पपईची बशी फळीवर ठेवली आणि नोंदीत सातवा रकाना कशाचा आहे ते पाहायला माझ्याकडून वही घेतली.